एक तृतीयांशावर

गणिताच्या बाई एका शहरात आणि त्यांचा जमीन मोजणीदार नवरा दुसऱ्यात, अशी नोकरीने दोघांची ताटातूट केली होती. मधला रस्ता सुतासारखा सरळ. भेटायचं कुठे, हे ठरवायची त्यांची तऱ्हा मात्र जगावेगळी. एका शहराकडून दुसऱ्याकडे सदिश, म्हणजे दिशेचा बाण, काढायचा, त्याला एका संख्येने गुणायचं, की बसचा थांबा सापडला. निरोपात फक्त ती संख्या. शहाण्याला शब्दाचा मार, असं दोघंही ऐटीत सांगत. वर्षभर संख्या एकच होती, अर्धा. दोघंही निमूट मधल्या थांब्यावर उतरत.

या वेळी त्याचा निरोप आला, ‘एक तृतीयांश’. दुसऱ्या दिवशी तो दोन वर्षांसाठी समुद्रापलीकडच्या कामावर निघणार होता. त्याच्यामागे बांधाबांध असणार, म्हणून त्याने आपल्याजवळचा थांबा निवडला असेल, असं तिने धरलं. ती आनंदाने लांबच्या बसमध्ये बसली. अंगात नुकत्याच उतरलेल्या तापाचा थकवा होता, पण सांगते कोणाला!

त्या थांब्यावर बाक होता, पाण्याचा नळ होता, नवरा नव्हता. तासभर वाट पाहून तिने फोन लावला.

“अगं, कुठे आहेस? मी केव्हाचा येऊन बसलोय!”

“मीही. तुझ्या शहरापासून एक तृतीयांशावर.”

मग तो म्हणाला, “मी तुझ्या शहरापासून मोजलं गं. तुझा ताप उतरून चार दिवस नाही झाले. तुला लांब पडू नये म्हणून.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वर्गात ‘आधी आरंभबिंदू सांगा’ म्हणून पोरांच्या डोक्यावर मिरे वाटणाऱ्या बाईंनी तो घरात कधी विचारला नव्हता. अर्धा कुठूनही मोजा, काही बिघडत नाही, म्हणून वर्षभर चूक दिसलीच नाही.

“मी निघतो तिकडे,” तो म्हणाला.

“मुळीच नाही! दोघंही निघालो तर पुन्हा चुकामूक. माझी परतीची बस तिथूनच जाते. तू बस खिळल्यासारखा.”

ती पोहोचली तेव्हा तो खरोखर बाकाला खिळला होता. तिला पाहून उठला. चालकाने हॉर्न वाजवला. तिची ही शेवटची बस होती आणि त्याची समोरून यायची होती. भेटायला म्हणून मिळालं ते एवढंच. ती दारात उभी राहून रडायला लागली, अगदी पोरीसारखी, आणि लोक बघतायत याची तिला लाजही वाटेना.

तो सरळ तिच्या बसमध्ये चढला.

“अहो, तिकीट कुठलं?” वाहकाने विचारलं.

तिने श्वास रोखला. शेवटचा थांबा म्हण, घरचं म्हण, एवढंच तिच्या मनात होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

“पुढचा थांबा,” तो म्हणाला.

ती आत सीटवर बसून खिडकीकडे सरकली. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. पुढचा थांबा किती लांब आहे, हे दोघांनाही नेमकं ठाऊक होतं, आणि दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नाही.