सरांच्या शेजारची जागा

मला पाठ नाही, हात नाहीत. चार पाय आणि टेकण्यापुरती एक फळी, एवढाच माझा संसार. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून गणिताचा मदतकक्ष होता. तिथं सरांच्या टेबलाच्या उजव्या हाताला वीस वर्षं उभं असलेलं लाकडी स्टूल, ते मी.

कॉलेजच्या सुताराने मला मोडक्या व्यासपीठाच्या फळ्यांतून घडवलं. मागणी सरांचीच होती.

"अहो सर, टेबलासमोर चांगल्या खुर्च्या आहेत की," सुतार म्हणाला.

"समोरासमोर बसलं की वही एकाला सुलटी आणि दुसऱ्याला उलटी. मला मूल शेजारी बसायला हवंय."

दुपारी तीनला दार उघडायचं. तोवर बाहेर रांग लागलेली असायची. कुणाचं इंटिग्रेशन अडलेलं, कुणाचे मॅट्रिक्स. माणसं कशी बसतात त्यावरून मी त्यांना ओळखायला लागलो. ज्याला नुसतं उत्तर हवं असतं तो बसतच नाही, फोन पुढे करून उभा राहतो. ज्याचं खरोखर अडलंय तो माझ्या कडेवर कसाबसा टेकतो. "सर, दोनच मिनिटं" म्हणणारा तासभर हलत नाही. आणि "सगळं जमलं, फक्त शेवटी अडलंय" असं सांगणाऱ्याची पहिलीच ओळ चुकलेली असते.

सर कुणावर चिडायचे नाहीत. पेन्सिलही हातात घ्यायचे नाहीत. "तू लिही, मी बघतोय," म्हणायचे आणि बघत राहायचे. कारखान्यात लेथ चालवून शिकणारा एक चाळिशीचा गृहस्थ यायचा. गणितात दोनदा नापास झालेला. "सर, माझं वय झालं हो, डोक्यात शिरत नाही," असं म्हणून त्याने एकदा वही मिटली. सरांनी ती पुन्हा उघडली. "मला कुठे घाई आहे?" म्हणाले. तो माणूस पास झाला त्या दिवशी माझ्यावर असा काही बसला की माझे सांधे कुरकुरले.

असे सर मला ठाऊक होते. घरचे सर ठाऊक नव्हते.

एका बुधवारी रांगेत पाचवी एक मुलगी उभी होती. वही छातीशी घट्ट धरलेली. तिची पाळी आली तसे सर खुर्चीतच ताठ झाले.

"तू? इथं कशाला? घरी विचारायचंस ना."

ती त्यांची मुलगी होती. याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला.

"घरी तुम्ही ओरडता," ती इतकं हळू म्हणाली की रांगेतल्या कुणाला ऐकू गेलं नसेल. "इथं ओरडत नाही, असं सगळ्या मुली सांगतात. म्हणून इथं आले, सर."

'बाबा' नाही, 'सर'. सरांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यांनी मला हाताने जरा जवळ ओढलं. "बस," म्हणाले.

ती बसली. पाय जमिनीला टेकवून, जणू कधीही उठावं लागेल अशी. एक्स साइन एक्सचं इंटिग्रेशन होतं. ती लिहीत गेली. साइनचं इंटिग्रेशन तिने कॉस लिहिलं.

"वजा कॉस," सर मऊ आवाजात म्हणाले.

तिने खोडलं. पुन्हा पहिल्यापासून मांडलं आणि पुन्हा वजा चिन्ह राहिलं. "चिन्ह बघ," सर म्हणाले. आवाज थोडा चढला होता. ती सरकत माझ्या अगदी कडेवर आली. तिसऱ्यांदा तिने तेच केलं.

"अगं, डोकं कुठं ठेवून आलीस? किती वेळा सांगायचं एकच गोष्ट?"

रांगेतली मुलं जमिनीकडे बघायला लागली. मुलीने वही मिटली, पेन्सिल टेबलावर नीट आडवी ठेवली.

"येते, सर," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

पुढचा मुलगा घाबरत येऊन टेकला. "हं, बोल बाळा," सर म्हणाले. नेहमीच्याच मऊ आवाजात. आणि तो आवाज स्वतःच्याच कानावर पडला तसं त्यांनी जिन्याकडे पाहिलं. परक्या पोरासाठी तो किती पटकन परत आला होता! त्या दिवशी मदतकक्ष चारलाच बंद झाला.

मुलीने गणित सोडलं. दुसराच विषय घेऊन शिकली आणि दूरच्या शहरात एका छापखान्यात मजकूर तपासायच्या नोकरीला लागली. हे मला सरांच्या फोनवरून कळलं.

दर बुधवारी रांग संपली की सर दार लोटून घ्यायचे. फोन समोर ठेवून आधी सराव करायचे. मोठ्याने, जणू ती माझ्यावर बसलेली आहे. "त्या दिवशी माझं चुकलं गं. चारचौघांत बोललो. घरीही बोलत आलो." दोनदा, तीनदा म्हणायचे. मग फोन लावायचे.

"हं, जेवलीस का? ... नाही, काही काम नाही. सहजच केला. ... बरं, ठेव."

फोन ठेवल्यावर बराच वेळ माझ्या रिकाम्या फळीवर हात ठेवून बसायचे. सहा वर्षांत एकही बुधवार चुकला नाही, पण तेवढं वाक्य ओठांबाहेर पडलं नाही. मग सर आजारी पडले आणि सुट्टीतच गेले.

कॉलेज उघडल्यावर मुलगी त्यांचं सामान न्यायला आली. शिपाईमामांनी कुलूप काढून दिलं. ती कप्पे रिकामे करत होती तेवढ्यात दारात एक विद्यार्थिनी आली, गावाहून थेट, हातात वही.

"सर आले नाहीत का अजून?"

"सर गेले गं. पंधरा दिवस झाले," मुलगी म्हणाली.

ती पोर मटकन माझ्यावर बसली आणि हुंदके द्यायला लागली. "मी एकेक गणित दहा-दहा वेळा चुकायचे. पण सर एकदाही रागावले नाहीत हो."

"एकदाही नाही?"

"नाही."

"बरं झालं," मुलगी म्हणाली. तिने त्या पोरीला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

मुलीने पिशवीची गाठ मारली. "मीही आले होते इथं शिकायला. एकदाच."

त्या क्षणी मला तोंड हवं होतं. सहा वर्षांचे बुधवार माझ्यापाशी होते आणि ती दोन हातांच्या अंतरावर उभी होती. लाकडाला बोलता येत नाही. ती पिशवी उचलून गेली.

मदतकक्षात आता कपाटं आहेत. मला मामांनी जिन्याखाली ठेवलंय. रंगारी येतात तेव्हा ते माझ्यावर उभे राहतात, बाकी दिवस मी धूळ खातो. त्याचं मला काही नाही. विनंती आहे ती एवढीच. छापखान्यात खाली मान घालून ओळ न ओळ तपासणारी कुणी भेटली आणि बोलता बोलता गणिताच्या सरांची मुलगी निघाली, तर तिला माझा निरोप द्या. तिच्या बाबांना तिची माफी मागायची होती. फार मागायची होती.