ओसरीवरचं बाकडं आणि मोहाचा वास

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी बाकडं. जंगलातल्या एका सरकारी दवाखान्याच्या ओसरीवर माझी सारी उमर गेली. आता एक पाय मोडलाय, म्हणून मला मागच्या अंगाला टाकलंय. बकऱ्या माझ्यावर चढून ऊन खातात. खाऊ देत बापड्या! पण एक दिवस माझ्या लाकडातून काही केल्या निघत नाही. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मला घडवलं डोमा वाढईनं. गडी मोठा तऱ्हेवाईक. रंधा मारून झाला की फळीला स्वतःचा गाल लावून बघायचा. "बिमार माणूस बसन यावर, त्याले टोचलं नाई पायजे," म्हणायचा. ओसरीवर ठेवल्यावर सगळ्यांनी मला वाखाणलं आणि माझी छाती फुगली. मग हळूहळू ध्यानात आलं, की माझ्यावर बसतात ते गावातले शेतीवाले कास्तकार, मास्तर, जंगल खात्याचे गार्ड. आतल्या पाड्यांवरून येणारी माणसं समोर भुईवरच टेकायची. त्यांना कोणी उठवलेलं मी पाहिलं नाही. ती आपणहूनच खाली बसायची.

चौऱ्याऐंशी साली डॉक्टर कमला आल्या. वरोऱ्याच्या. बापानं जिनिंगात कापसाच्या गाठी वाहून लेकीला शिकवलेलं. पण लोकांच्या मनात डॉक्टर म्हणजे मिशीवाला साहेब! "ओ सिस्टर, साहेब कुठी गेले?" रोजचंच. "मीच डॉक्टर आहो," म्हटलं की लोक हसायचे. "मजाक काऊन करून राह्यल्या, बाई?" एकदा सगळे गेल्यावर त्या माझ्यावर येऊन बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. "या लोकाईले मी दिसतच नाई," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. पोरीनं जीव तोडून शिकावं आणि वर हे ऐकावं!

मोहफुलं पडायचे दिवस होते. सकाळी सोमारी नावाची बाई नवऱ्याला खांद्याचा आधार देत लांबच्या पाड्यावरून घेऊन आली. लालसू त्याचं नाव. पाय लटपटत होते, डोळे लाल, गोंडीत काहीबाही बडबडत होता. तिनं त्याला माझ्यावर आडवं केलं.

कंपाउंडर भैयाजीनं लांबूनच नाक मुरडलं. "सकायपासूनच मोहाची घेतली! या लोकाईचं हेच हाय." भैयाजी तसा वाईट नव्हता. लेकरांना कडू औषधावर गुळाचा खडा द्यायचा. डॉक्टर कमला बाहेर आल्या, जराशा वाकल्या. मोहाचा वास नाकात शिरला तशा मागे सरल्या. "झोपू द्या त्याले. उतरली का मंग आत आणा," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

अहो, कसली उतरते! दारू नव्हतीच ती! अंग तव्यासारखं तापलेलं, हुडहुडीनं माझ्या फळ्या थरथरत होत्या. हिवताप मेंदूत चढला होता हो! माझा जीव नुसता कोकलत होता. पण लाकडाला तोंड कुठलं? नुसती कुरकुर झाली.

"हे बाकडं लय कुरकुरते," माझ्या दुसऱ्या टोकाला बसलेला देवाजी म्हणाला. आपला सुजलेला गुडघा 'सिस्टर'ला दाखवायचा नाही, साहेबालाच दाखवायचा, म्हणून हा गृहस्थ ठाण मांडून बसला होता.

सोमारीला मराठी जेमतेमच. तिनं त्यालाच विचारलं, "डाक्टर?"

"साहेब यायचे हायेत. आले का मंग सांगतो तुले. बस."

भल्या मनानंच सांगितलं त्यानं. सोमारी भुईवर बसली. ओल्या पदरानं नवऱ्याचं कपाळ पुसायची आणि रस्त्याकडे बघायची. डॉक्टर कमला तिच्या अगदी जवळून आत-बाहेर करत होत्या. तिनं हाक मारली नाही. नर्सबाईला कशाला त्रास द्यायचा?

दुपारी लालसूची बडबड थांबली. "लागली झोप," भैयाजी म्हणाला. उन्हं कलली तशी थरथरही थांबली. सगळ्यांच्या आधी मला कळलं. सोमारीच्याही आधी.

गर्दी ओसरली, देवाजी कंटाळून घरी गेला, तेव्हा डॉक्टर कमला आल्या. "उतरली का गा?" म्हणत त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार पडलं होतं. मग नाडी पाहिली, छातीला कान लावला. त्याच्या कमरेच्या फडक्याची गाठ सोडली. बाटली नव्हती. पहाटे वेचलेली मोहफुलं माझ्यावर सांडली. या दिवसांत रानातल्या माणसांच्या अंगालाच तो वास असतो. डॉक्टर कमला सोमारीसमोर भुईवर बसल्या.

सोमारीनं हात जोडले. "बाई, डाक्टर कवा येते?"

"मीच..." त्यांनी तिचे जोडलेले हात धरले. "मीच डाक्टर आहो, बाई."

सोमारी त्यांच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे बघत राहिली. साहेब येईल म्हणून.

पुढे डॉक्टर कमला तिथं होत्या तोवर माझ्यावर कोणी आडवं दिसलं की आधी हात लावायच्या, मग बोलायच्या. पण लालसू त्यानं परत थोडाच येणार होता?

मित्रांनो, माझा पाय नाही जोडला तरी चालेल. बकऱ्यांचं काम भागतं. पण असा एखादा माणूस कुठे पडलेला दिसला, तर नाक मुरडायच्या आधी त्याच्या कपाळावर हात ठेवा. हात ठेवायला कितीसा वेळ लागतो हो?