एका वाफ्यात एकच कांदा

मी एक जुना कांदा आहे, मित्रांनो. हसलात ना? हसा. कांदा जुना व्हायच्या आधीच फोडणीत जातो, असंच तुम्हाला वाटत असणार. पण मी दोन उन्हाळे पाहिलेत. आमच्या जातीत एवढं आयुष्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं, आणि ज्याच्या वाट्याला येतं त्याला ते एकट्यानं काढावं लागतं. स्वभावानं मी तिखट आहे. ऐकता ऐकता डोळ्यांत पाणी आलं तर मला बोल लावू नका.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. तिच्या काठाला वच्छलाबाईंचं रान आहे. तिथं पहिल्या उन्हाळ्यात मला उपटलं, वाळवलं आणि कांदे साठवायच्या चाळीत टाकलं. चाळीत काय गर्दी होती म्हणता! अंगाला अंग घासत आम्ही सगळा पावसाळा काढला. कुणी सडले, कुणाला कोंब फुटले, बाकीचे गोण्या भरभरून बाजारात गेले. मी मात्र टणकच्या टणक राहिलो. तेव्हा मला त्याचा भलताच माज होता.

दिवाळीच्या तोंडावर वच्छलाबाई उरलेल्या ढिगासमोर पाय पसरून बसल्या. मालक गेल्यापासून घरात त्या एकट्याच. मुलगा जयसिंग रांजणगावला कंपनीत, सून ज्ञानेश्वरी तिथंच पॅकिंगला. दोघं खोली करून राहतात आणि सणावाराला येतात. बोलायला माणूस नाही, म्हणून बाई आमच्याशी बोलायच्या.

"तुझी मान जाड हाय, तू नगं. तू जोड दिसतुयास, सरक पल्याड. आन् तू रं? दाव बरं तोंड." त्यांनी मला उचललं, अंगठ्यानं माझी मान दाबली, नाकाशी धरलं. "ह्यो बघा गडी! चल, बस टोपलीत."

ही निवड खाण्यासाठी नव्हती, बियाण्यासाठी होती. निवडलेला कांदा थंडीत पुन्हा मातीत लावायचा, त्याला फुलं येऊ द्यायची आणि उन्हाळ्यात त्याचं बी धरायचं. हे वाण वच्छलाबाईंना त्यांच्या सासूनं, कुशाबाईंनी, लग्नानंतर हातात दिलं होतं. पण गेल्या उन्हाळ्यात गारांनी बियांचे गोंडे झोडपले. कांद्याचं बी वर्षभराच्या वर नीट उगवत नाही, त्यामुळे जुनं ठेवलेलंही कामाचं नव्हतं. यंदा रोपासाठी बाईंना यवतच्या दुकानातून पुड्याचं बी आणावं लागलं. कुशाबाईंचं वाण आता उरलं होतं ते फक्त आमच्या टोपलीत. चाळीतला बाकीचा कांदा टेम्पोत गेला, आणि आमची टोपली घरात, दाराशी आली.

भाऊबीजेला जयसिंग आणि ज्ञानेश्वरी आले. संगतीला कंपनीतले मित्र होते. वच्छलाबाई फराळाचं ताट घेऊन शेजारच्या इमामबींकडे गेल्या होत्या. पाहुण्यांना गरम गरम काहीतरी करावं म्हणून ज्ञानेश्वरीनं घर धुंडाळलं आणि तिची नजर आमच्यावर पडली.

"अगं बाई! कसले एकसारखे कांदे आहेत! आत्यांनी आपल्यासाठीच निवडून ठेवलेत बघा," ती नवऱ्याला म्हणाली. बोलण्यात केवढं कौतुक होतं! तिनं टोपली उचलली, मी काठावरून घरंगळलो आणि खाटेखाली गेलो. तिथून मी माझ्या सोबत्यांच्या चकत्या होताना पाहिल्या. मला ओरडता आलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

वच्छलाबाई परतल्या तेव्हा तेल कडकडीत तापलं होतं. अंगणात टरफलं पडलेली दिसली आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. "काकू, भजी एक नंबर झालीत!" एक पोरगा म्हणाला. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि परात हातात घेतली. "घ्या की आजून. लाजू नगा," म्हणत प्रत्येकाच्या ताटात वाढलं. स्वतः मात्र एकही भजं खाल्लं नाही. पोटात दुखतंय म्हणाल्या.

सगळे गेले. घर पुन्हा गप्प झालं. बरेच दिवस मी खाटेखाली धुळीत पडून होतो. बाई वर बसून एकट्याच जेवायच्या आणि मला त्यांची फक्त दाराकडे वळलेली पावलं दिसायची. मग एकदा केरसुणी आत शिरली आणि मी बाहेर आलो.

"आरं माझ्या राजा!" बाई मटकन खाली बसल्या. "तू वाचलास व्हय रं!" मला छातीशी धरून त्या रडल्या. त्या रडण्यात माझ्या तिखटपणाचा काही हात नव्हता.

पुढचं ऐका. लावायच्या आधी कांद्याचं डोकं कापून बघायची रीत आहे. आत एकच डोळा, म्हणजे कोंबाचा गाभा, निघाला तर वाण चांगलं, दोन निघाले तर तो जोड, तो बियाण्याला चालत नाही. दरवर्षी जोड निघाला की बाई तो बाजूला टाकायच्या. यंदा टाकायला दुसरा होताच कुठे? विळीपाशी त्यांनी मला कितीतरी वेळ नुसतं फिरवलं. "दोन निघालं तर मी काय करू रं?" मग डोळे मिटून त्यांनी कापलं.

एकच डोळा होता. जखमेला राख लावून बाईंनी मला रानाच्या टोकाच्या वाफ्यात, मधोमध लावलं. अख्ख्या वाफ्यात मी एकटा.

मित्रांनो, त्या थंडीचं काय सांगू! पलीकडे पुड्याच्या कांद्याची रोपं ओळीनं दाटीवाटीनं उभी होती. पाटसच्या कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जायचे. सगळं जग कुणाच्या ना कुणाच्या संगतीत होतं. माझ्याकडे येणारी एकच, वच्छलाबाई. त्या यायच्या, तांब्याभर पाणी घालायच्या आणि बांधावर बसून राहायच्या. फोन वाजला की, "बरं हाय रं, माझी काळजी करू नगंस," म्हणायच्या. मी सगळं ऐकत होतो. काहीसुद्धा बरं नव्हतं.

माघात मला दांडे फुटले आणि त्यांच्या टोकांना गोंडे आले. तेव्हा इमामबींचा मुलगा महबूब यानं बाईंना स्वतःच्या रानात पकडलं.

"मावशी, माझ्या वाफ्यात काय चोरताय?"

"डेंगळं मोडती रं, फुलाचं दांडं. तुझा एखादा कांदा मधीच फुलावर आला, तर मधमाशा तिकडनं हिकडं येतील. माझ्या बियात भेसळ हुईल."

"एका कांद्यापायी एवढा उपद्व्याप?"

"एकच हाय म्हणून तर!"

महबूब हसला, पण त्या दिवसापासून आपली डेंगळं तो स्वतःच मोडू लागला.

एकट्या झाडाकडे मधमाशा तरी कितीशा फिरकणार? ऊन वर आलं की बाई यायच्या आणि तळहात अलगद एका गोंड्यावरून फिरवून दुसऱ्यावर फिरवायच्या. पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा. एका फुलातली धूळ अशी दुसऱ्या फुलाला मिळायची. माझं अंग मात्र आतून रितं होत चाललं होतं.

शिमग्याच्या सुट्टीला ज्ञानेश्वरी आली. सासूला शोधत वाफ्याशी पोचली आणि हसली.

"आत्या, एवढ्या वाफ्यात एकच कांदा?"

"यंदा एकच उरला."

"बाकीचे?"

वच्छलाबाई गोंड्यांवरून हात फिरवत राहिल्या. ज्ञानेश्वरीचं हसू हळूहळू मावळलं. "दाराशी टोपली होती ती…" ती खालीच बसली. "मला वाटलं, तुम्ही आमच्यासाठी निवडून ठेवलेत."

"तुझ्यासाठीच ठिवलं व्हतं गं. माझ्या सासूनं मला दिलं, मी तुला देणार व्हते. फकस्त खायला न्हवतं."

"मग तेव्हाच रागवायचं की मला!"

"चार पावणं जेवत व्हतं. आन् भजी झाक झाली व्हती म्हणं."

ज्ञानेश्वरीनं डोळे पुसले, पदर खोचला आणि हात पुढे केला. "कसा फिरवायचा, दाखवा." तिचा हात गार होता आणि घाबरलेला होता. पण तो दुसरा हात होता, मित्रांनो. सगळ्या थंडीत मला लागलेला पहिला दुसरा हात.

आता चैत्र सरत आलाय. यंदा गारा आल्या नाहीत. गोंड्यांतून काळं बी निघालं, जेमतेम ओंजळभर. बाईंनी त्याच्या तीन पुरचुंड्या बांधल्या. एक स्वतःला ठेवली, एक ज्ञानेश्वरीला दिली आणि एक इमामबींकडे पोचती केली. "एकाच घरात ठिवलं तर एका जेवणात सरतंय," त्या म्हणाल्या. ज्ञानेश्वरी दिवाळीला रोप टाकायला येणार आहे. येताना भजीचे कांदे बाजारातून आण, असं तिला बजावलंय.

माझं आता नुसतं टरफल उरलंय. तक्रार नाही. एकच मागणं आहे, मित्रांनो. कुणाच्या घरात टोपलीत काही देखणं, निवडून ठेवलेलं दिसलं, तर विळी घेण्याआधी त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक हाक मारा. हे काय आहे, एवढंच विचारा. ती हाक कधी येते म्हणून ती माणसं दाराकडे बघत बसलेली असतात. मी खाटेखालून पाहिलंय.