थोडं म्हणजे किती इंच

बायकोने बॅग भरायला घेतली तेव्हा मास्टर उकडलेलं अंडं खात होते. तोंडातला घास बावीस वेळा चावून झाला होता आणि अजून आठ वेळा चावायचा होता, त्यामुळे त्यांना लगेच काही बोलता आलं नाही.

"लेकीकडे जाते," ती आतून म्हणाली. "शुक्रवारी सकाळी."

मास्टरांनी आठ वेळा चावून घास गिळला, आणि मग विचारलं, "किती दिवस?"

"बघू."

ही बाई बघू म्हणणाऱ्यातली नव्हे. एकतीस वर्षांत ती कुठेही गेली तरी परत यायचा वार आधी सांगून गेलेली. कितव्या दिवशी दूध बंद करायचं, कितव्या दिवशी चालू, सगळं कागदावर लिहून ठेवणारी. तिच्या तोंडून 'बघू' आलं म्हणजे काय ते मास्टरांना बरोबर कळलं. आता छातीत धस्स व्हायला हवं, असंही त्यांना वाटलं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. काही झालं नाही. मग त्यांनी पुढचा घास घेतला आणि एकपासून मोजायला सुरुवात केली.

मास्टर म्हणजे शाळेतले नव्हेत, कापडाचे. कोट आणि पँट. बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दुकान, आणि कापायच्या टेबलाशी बत्तीस वर्षं हेच उभे. पूर्वी वजन एकशे त्रेचाळीस किलो. दुकानाच्या एकोणीस पायऱ्या चढून आले की पहिला अर्धा तास नुसता घाम पुसायचा, तोवर गिऱ्हाइकाने पंख्याखाली बसायचं. गुडघे गेले, रक्तात साखर आली, रात्री झोपेत श्वास अडकायला लागला, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की पोट कापून लहान करू. अकरा महिन्यांपूर्वी केलं. आता मास्टरांचं पोट एका वाटीएवढं, आणि वजन एकोणसत्तर.

ऑपरेशननंतर नियमांचा एक कागद मिळाला होता. आधी अंडं, मासा, डाळ असलं ताकदीचं खायचं, मग भाजी, पोटात जागा उरली तर भात किंवा पाव. घास तीस वेळा चावायचा. जेवणाआधी अर्धा तास आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. साखर नाही. बहुतेक लोक असा कागद दोन महिने पाळतात आणि मग तो फ्रीजच्या दारावर उगाच लटकत राहतो. पण हा माणूस जन्मभर मोजून कापत आलेला. त्याला नियम दिला की झालं, तो जिवात जीव असेपर्यंत पाळणार.

तरी सुरुवातीला जरा इकडेतिकडे व्हायचं. तिसऱ्या महिन्यात एकदा बायको म्हणाली, "थोडं घ्या ना, दोनच चमचे." गोडाचं होतं. मास्टरांनी घेतलं. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामाने अंग भिजलं, हातपाय गार. चाळीस मिनिटं ते न्हाणीघराच्या फरशीवर पडून होते आणि बायको दाराबाहेर बसून रडत होती. जिवावर बेतलं नाही, पण दोघांनी हाय खाल्ली. त्यानंतर बायकोने त्यांच्या ताटात स्वतःच्या हाताने कधी काही वाढलं नाही. मास्टरांनी अंडं उकडायचा टायमर आणला आणि तो टेबलावर ठेवून जेवायला लागले. पंचवीस मिनिटं. मोजणं चुकतं म्हणून जेवताना बोलायचं नाही. टायमर वाजला की उठायचं.

समोरचा माणूस मनात आकडे मोजत असताना जेवायचं कसं? बायकोने चार-सहा दिवस प्रयत्न केला. मग एक दिवस ती आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली, आणि तिथेच जेवायला लागली. याला आता आठ महिने झाले होते.

गंमत अशी, की मास्टरांना भूकच लागत नव्हती. ऑपरेशननंतर काही दिवस असं होतं म्हणतात, यांची गेली ती परत आलीच नाही. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सात, घड्याळ बघून खायचं. पूर्वी दुकानात बसल्या बसल्या त्यांना घरच्या फोडणीचा भास व्हायचा. आता समोर ताट आलं काय आणि बटणांचा डबा आला काय, सारखंच. आणि नुसत्या जेवणाचंच नाही. लेकीला नोकरीत बढती मिळाली, ते "छान" म्हणाले. शेजारचे आजोबा गेले, ते "वाईट झालं" म्हणाले. दोन्ही वेळा आवाज तोच होता.

बॅग भरायला घेतली तो बुधवार. सोमवारी ते आहार बघणाऱ्या बाईंकडे जाऊन आले होते.

"वजन चार महिन्यांपूर्वीच थांबायला हवं होतं," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तुमचं उतरतंच आहे. रक्त कमी झालंय. केस बघा किती गेलेत. अहो, तो कागद सुरुवातीच्या दिवसांचा होता. साखर टाळा, चावून खा, ते जन्मभर आहेच. बाकी आता थोडं सैल सोडा. घरात जे शिजतं ते घ्या, घरच्यांबरोबर बसा."

"थोडं म्हणजे किती?"

बाई हसल्या. "अंदाजाने हो."

मास्टरांच्या दुकानात अंदाज हा शब्द उच्चारणाऱ्याला बटणं लावायला बसवतात. आणि थोडं म्हणजे किती, हे तिथे ठरलेलं आहे. गिऱ्हाईक 'किंचित सैल' म्हणालं तर पाव इंच. 'थोडं सैल' म्हणालं तर अर्धा. 'मोकळं ठेवा' म्हणालं तर दीड, आणि असं म्हणणाऱ्याला त्याच्या तब्येतीबद्दल काही विचारायचं नाही. मास्टरांनी घरी येऊन हिशोब लावला. थोडं म्हणजे अर्धा. म्हणून त्यांनी प्रत्येक पदार्थ अर्धा चमचा वाढवला, कागदावर तशी दुरुस्ती केली आणि बायकोला दाखवली.

बायकोने कागद वाचला. "टेबलाशी एकत्र बसा म्हणाल्या का काही त्या?"

"म्हणाल्या. पण त्याचं माप नाही दिलं."

"बरं," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी बॅग निघाली.

गुरुवारी सकाळी दुकानात वकीलसाहेब आले. जुनं गिऱ्हाईक. सात महिन्यांपूर्वी शिवून नेलेला काळा कोट हातावर टाकून आले होते.

"मास्टर, बगलेत आवळतोय आणि पोटावर बटण लागत नाही. मध्यंतरी आई राहायला आली होती, तिच्या हातचं अंगी लागलं! जरा मोकळा करून द्या."

"बसा. अर्ध्या तासाचं काम," म्हणत मास्टरांनी कोट मावशींकडे दिला. मावशी म्हणजे दुकानातल्या जुन्या कारागीर. मशीनवर बसून वीस वर्षं झालेली, तोंडाने फटकळ, हाताने सोनं. त्यांनी कोट उलटा केला, ब्लेडने अस्तर उसवलं, आणि थांबल्या.

"मास्टर, इकडे या जरा."

मास्टर गेले. मावशींनी शिवण दोन बोटांनी फाकवून दाखवली. आत माया नव्हती.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. माणूस सुटतो, वाळतो, आज आहे तसा उद्या राहत नाही, म्हणून कापणाऱ्याने ती आधीच सोडायची असते. कोटाला दोन्ही बाजूंना निदान इंचभर. हात बसायच्या आधी ही गोष्ट शिकवतात. आणि इथे जेमतेम टीप धरेल एवढी कड, पाव इंचही नाही. मोकळं करायला आत काही नव्हतंच.

मास्टरांनी पाठीची शिवण बघितली. तीच गत. दांडीला टांगलेले दोन तयार कोट त्यांनी खाली काढले आणि आतून चाचपले. मग टेबलावर कापून ठेवलेले, अजून न शिवलेले भाग टेपने मोजले. सगळे मापाला अगदी बरोबर, आणि सगळे बिनमायेचे.

"मला वाटायचं, हल्ली तुम्ही कापड वाचवताय," मावशी म्हणाल्या. "अहो, पोटाबरोबर मायाही कापून आलात की काय?"

आणि त्या स्वतःच्याच विनोदावर हसल्या. मग त्यांनी मास्टरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घालून टाके उसवत बसल्या.

हे आपण केव्हा ठरवलं, ते त्यांना आठवेना. ठरवलंच नव्हतं. अकरा महिने हात आपला कापत होता, आणि जास्तीचं म्हणून जे जे दिसेल ते टाकून देत होता. ट्रायलच्या दिवशी वकीलसाहेब आरशात बघून खूश झाले होते. कोट अंगावर चोपून बसला होता, कुठे चुणी नाही. फक्त त्यानंतर त्या माणसाने आईच्या हातचं खायचं नव्हतं. मास्टरांचे कान तापले. एवढंच झालं, पण बऱ्याच दिवसांत तेवढंही झालं नव्हतं.

"नवा शिवून देतो," ते बाहेर येऊन वकीलसाहेबांना म्हणाले. "माझी चूक आहे."

"तुमची? कापण्यात?" वकीलसाहेबांना पटेना. "मीच जाड झालो हो!"

"ते होणारच," मास्टर म्हणाले.

दुपारी तीन वाजताच ते दुकानातून निघाले. का, ते मावशींनी विचारलं नाही. घरी आले तर दार नुसतं लोटलेलं होतं. चपला काढून ते आत गेले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थबकले.

बायको ओट्याशी उभी राहून जेवत होती. पाठमोरी. ताटही घेतलं नव्हतं, पातेल्याच्या झाकणात भात आणि डाळ कालवून घेतली होती. एक हात ओट्यावर टेकलेला, दुसऱ्या हाताने भराभर घास. बस सुटेल म्हणून कोणी खावं तसं. मध्येच तिने पाय बदलला.

मास्टर बघत राहिले. आणि मग, सवयच ती, त्यांची नजर तिच्या खांद्यावर गेली. ब्लाउजची खांद्याची शिवण जागेवर नव्हती. दंडावर उतरली होती, चांगली दीड इंच. पाठीत चुण्या पडल्या होत्या. बाहीतून हात काठीसारखा बाहेर आला होता. रस्त्यातल्या परक्या माणसाचं माप हा माणूस नजरेने सांगायचा. आणि घरात बायको आठ-नऊ किलोंनी वाळली, ते त्यांनी आज पाहिलं.

"आलात?" ती दचकली. झाकण तिने जरा मागे सरकवलं. "बरं नाही का?"

"बरं आहे." त्यांनी मांडणीवरून दोन ताटं काढली आणि टेबलावर नेऊन ठेवली. पातेलीही नेली. "ये, बस."

"तुमची वेळ नाही ही."

"नाही."

"अंडं उकडायला हवं. दहा मिनिटं—"

"आहे तेच वाढ."

ती टेबलापर्यंत आली, पण पळीला हात लावेना. "मी नाही वाढणार," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तुम्ही घ्या. तुमच्या मापाने."

मास्टरांनी पळी उचलली. पातेल्यावर धरली आणि थांबले. किती घ्यायचं? चमचा नव्हता, कागद फ्रीजवर होता, आणि आता उठलो तर ही परत ओट्याशी जाईल हे त्यांना दिसत होतं. त्यांनी डाळ घेतली. बरीशी घेतली, त्यावर बोटभर भात घेतला. मग तिच्या ताटात वाढलं, आणि तिथे मात्र हात आखडला नाही.

ती बसली.

पहिला घास त्यांनी मोजला. दुसऱ्याच्या मध्यावर त्यांनी तिला कोटाची गोष्ट सांगायला घेतली, आणि आकडा कुठे सांडला ते कळलं नाही. वकीलसाहेब, अस्तर, मावशींचं तोंड. पोटाबरोबर काय कापून आलात हे ऐकल्यावर बायकोला हसू फुटलं, ठसका लागला, तिने पदर तोंडाला लावला. मग तिने पदर तोंडावरून खाली घेतला.

"खरं तेच म्हणाल्या मावशी," ती म्हणाली.

मास्टरांना बरगड्यांच्या खाली हलका दाब जाणवला, पोट भरल्याचा. ताटात दोन घास उरले होते. त्यांनी हात थांबवला आणि ते दोन घास तसेच राहू दिले. बायकोने हळूच त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, घाम येतोय का म्हणून. घाम आला नाही. पाच मिनिटांनी तिने पुन्हा पाहिलं. मग तिने स्वतःसाठी आणखी भात वाढून घेतला आणि सावकाश जेवायला लागली.

"भूक लागली होती का तुम्हाला?" तिने विचारलं.

खोटं बोलून चाललं असतं. "नाही," मास्टर म्हणाले.

"मग का बसलात?"

"तू उभी होतीस म्हणून."

ताटातला शेवटचा भात तिने बोटांनी गोळा केला आणि खाल्ला. बाहेरच्या खोलीत बॅग भरून ठेवली होती, तिची चेनही लावून झाली होती.

"लेकीला कळवलंय, तिने रजा टाकलीय," ती म्हणाली. "जावं तर लागेल." दोन्ही ताटं तिने एकात एक ठेवली आणि उठली नाही. "मंगळवारी येते. चार दिवस एकटे जेवाल ना नीट?"

"नाही," मास्टर म्हणाले.

त्यांना पुढे आणखी काही म्हणायचं होतं, पण घशात काहीतरी अडकलं. त्यांनी गिळून पाहिलं. घास तर केव्हाच खाली उतरला होता.