मागच्या दारची भेटवही

जयराज शेळके हा औषध कंपनीचा माणूस दर मंगळवारी साडेअकराला उमदीच्या डॉक्टर हिरेमठांना भेटायचा, आणि त्याच वेळी जतच्या स्टँडसमोरच्या हॉटेलात पंख्याखाली बसून मिसळही खायचा. ही सिद्धी त्याला कुणा साधूनं दिलेली नव्हती. सुंदरीअक्काच्या स्कूटरच्या डिकीनं दिली होती.

सुंदरी मगदूम जतच्या एका लॅबसाठी रक्ताचे नमुने गोळा करायची. पुढं पाय ठेवायच्या जागी बर्फाची पेटी, मागं रिकामी सीट, आणि जत, माडग्याळ, उमदी असा रोजचा रस्ता. वय अठ्ठेचाळीस, गुडघा साठीचा. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, आणि लेक शिवतेज फौजेत, जम्मूला. माहेर अथणीकडचं, त्यामुळं मराठी येईल तसं कानडीही यायचं. दवाखान्यात तिची जागा ठरलेली होती, मागच्या दारी, बेसिनजवळ. पुढच्या दारानं पेशंट येतात, केबिनमध्ये डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीवर औषध कंपनीची माणसं बसतात, आणि रक्ताच्या नळ्या मागच्या दारानं जातात. ह्यात कुणाचं काही चुकत होतं असं अक्काला कधी वाटलं नाही. फक्त ती खुर्ची फिरती होती, हे तिच्या नजरेतनं सुटलं नव्हतं.

जयराज शिरवळचा. हायवेच्या गावात वाढलेला, शर्ट इस्त्रीचा, वय सव्वीस. कंपनीनं त्याला जत तालुका दिला तेव्हा आईनं नकाशा बघून डोळे पुसले. पहिल्याच आठवड्यात उमदीला डॉक्टर हिरेमठांनी त्याला दोन तास बसवलं, मग दारातनंच कानडीत काहीतरी विचारलं. हा नुसता "यस सर" म्हणाला. सगळे पेशंट हसले. त्यानंतर गडी उमदीचं नाव निघालं तरी पाणी प्यायचा.

न जाऊन चालण्यासारखं नव्हतं, कारण कंपनीचं 'भेटवही' नावाचं ॲप होतं. त्यात प्रत्येक डॉक्टरचं एक पान. वाढदिवस, भेटायची वेळ, आवडीनिवडी, मागच्या वेळी काय ठरलं ते सगळं त्यात. महिन्याच्या भेटींच्या तारखा ॲप आपल्या मनानं लावायचं, आणि दवाखान्याच्या शंभर पावलांच्या आत फोन पोचल्याशिवाय 'भेट झाली' हे हिरवं बटण उघडायचंच नाही. भेटी चुकल्या की ताकिदीचं पत्र यायचं. तिसऱ्या पत्राला नोकरी जायची. जयराजकडं दोन पत्रं जमली होती.

तो स्टँडच्या पायरीवर बसलेला अक्काला दिसला.

"काय रं, कोण मेलं का?"

"मेलं न्हाई अजून. नोकरी शेवटचा श्वास घेतीया."

सगळं ऐकून घेतलं तिनं. मग जयराजनंच चाचरत सुचवलं, "अक्का, तुमी रोज जाताच की. फोन तेवढा न्या. पोचला की हिरवं बटण दाबायचं."

"आन तू?"

"मी हितंच हाय."

"म्हंजे फोन नोकरी करणार आन तू मिसळ खाणार."

"व्हय."

"ब्येस हाय," म्हणाली अक्का, आणि फोन डिकीत टाकला. असल्या कामाला नाही म्हणावं असं तिच्या मनात यायला थोडा वेळ लागतो. तोवर स्कूटर सुरू झालेली असते.

पहिल्या दिवशी बटण दाबलं, तर फोननं पुढचा प्रश्न टाकला. 'काय बोलणं झालं? किमान पन्नास अक्षरं लिहा.' अक्का बेसिनजवळ उभी राहिली, दहावीपर्यंतचं शिक्षण आठवलं, आणि एका बोटानं लिहिलं: 'काही बोलणं झालं नाही. डॉक्टर जेवत होते. डब्यात दोडक्याची भाजी होती. त्यांना ती आवडत नाही असं दिसलं.' फोननं बरोबरची खूण दाखवली. शाळा सुटल्यापासनं अक्काला अशी खूण कुणी दिली नव्हती.

मग तिला चटकच लागली. माडग्याळच्या डॉक्टरांच्या पानावर तिनं लिहिलं, 'टँकर आला नसेल त्या दिवशी गोळ्यांचा विषय काढू नये.' हिरेमठांच्या पानावर, 'अमावास्येला येऊ नये, गुड्डापूरला देवीला जातात.' ॲपनं नेमकी अमावास्येचीच तारीख लावली होती; ती उचलून तिनं दुसऱ्या दिवशी ठेवली. मेंढ्यांचा बाजार, जत्रा, डॉक्टरांच्या सासूचा मुक्काम, सगळं बघून ती महिना नव्यानं लावायची. जयराजच्या गोळ्यांची माहितीपत्रकं नळ्यांच्या ट्रेखाली ठेवून जाताना म्हणायची, "डॉक्टर, ह्ये बी बघा सवडीनं." डॉक्टरही बघायचे, कारण अक्कानं आजवर काही विकलं नव्हतं.

इकडं जयराज दिवसभर बिनफोनाचा. हॉटेलातली सगळी वर्तमानपत्रं, छोट्या जाहिरातींसकट, त्याची पाठ झाली.

सहा महिन्यांत जतच्या भेटी साऱ्या विभागात पहिल्या आल्या, आणि तिथंच घात झाला. साताऱ्याहून दीपमाला घोरपडे मॅडमचा निरोप आला. ह्या जयराजच्या वरिष्ठ, फौजेतल्या सुभेदाराची लेक, बोलणं हजेरी घेतल्यासारखं. 'मंगळवारी येते. तुझ्या नोंदी इतरांना नमुना म्हणून दाखवायच्या आहेत. आधी डॉक्टरांसमोर तुझं काम बघते. उमदीपासून सुरुवात.'

"अक्का, मेलो," म्हणाला जयराज. "हिरेमठ मला वळखत बी न्हाईत."

अक्काचीही गत तीच होती. लॅबच्या मालकाला कळलं, की नळ्या आणायला पाठवलेली बाई दुसऱ्याच कंपनीची नोकरी करते, तर तीही घरी बसणार होती. सोमवारी तिनं हिरेमठांच्या कंपाउंडरला, ज्योतिबाला, फोन लावला.

"ज्योतिबा, उद्या जयराज म्हणून पोरगा यील. त्याच्याबरं त्याची सायबीण. त्याला पुरती वळख दाखवायची. मी आल्यावर मला कसं वागवतोस? तसंच त्याला वागवायचं. चुकलं तर दोघांच्या बी नोकऱ्या जात्यात."

"काळजीच सोडा, अक्का."

ज्योतिबानं काळजी सोडायला सांगितलं की अक्काची काळजी तिथनंच सुरू व्हायची.

मंगळवारी ती आधीच उमदीला पोचली आणि बेसिनजवळच्या पडद्यामागं उभी राहिली. मॅडमची गाडी आली. पुढं मॅडम, हातात टॅब. मागं जयराज, अंगात इस्त्री तेवढी ताठ.

"बर्री, बर्री! या, या!" ज्योतिबा दोन्ही हात पसरून धावला. "किती वाट बघायची! ह्ये घ्या तुमचं उकळल्यालं पाणी." जयराजच्या हातात गरम पाण्याचा पेला आला. अक्का जैन, उकळलेलंच पाणी प्यायची, आणि 'मला वागवतोस तसंच' हे ज्योतिबानं शब्दशः घेतलं होतं.

"गुडघा कसा हाय? तेल लावता का न्हाई?"

"लावतो," म्हणाला जयराज.

"आन लेकाचा फोन आला का जम्मूवरनं?"

मॅडमनी टॅबवरनं मान वर केली. "तुला मुलगा आहे? जम्मूला?"

"हो मॅडम. म्हणजे... अजून लहान आहे."

पडद्यामागं अक्कानं कपाळाला हात लावला. ज्योतिबा मात्र रंगात आला होता. दिलेलं काम तो अर्धवट सोडणारा माणूस नव्हता. आत जाऊन तो नळ्यांचा अख्खा स्टँड घेऊन आला आणि जयराजच्या हातात ठेवला.

"आज नऊ हायत. आन ही बाटली लघवीची, सरळ धरा. बर्फ भरलाय न्हवं?"

"जयराज, हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"ग्राहकसेवा, मॅडम."

तेवढ्यात केबिनमधनं हाक आली. जयराज स्टँड तसाच हातात घेऊन आत गेला. मॅडम समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या या मुलानं तुमच्याबद्दल इतकं बारकाईनं लिहिलंय. ऐका. 'डॉक्टर पेशंटला शेंगापोळी बंद करतात. स्वतःची टेबलाच्या दुसऱ्या खणात ठेवतात.'"

हिरेमठांचा हात आपोआप दुसऱ्या खणावर गेला. मग ते हसायला लागले. पोट धरून हसले.

"ह्या पोरानं लिहिलं? बाई, ह्याला मी जन्मात दुसऱ्यांदा बघतोय. तो खण माहीत असलेलं माणूस एकच." आणि पडद्याकडं बघून म्हणाले, "अक्का, या बाहेर. पाय दिसतायत."

अक्का पदर सारखा करत आली. आता लपवण्यात राम नव्हता.

"बटण मी दाबत हुते, मॅडम. लिवलं बी मीच. पोरगा वाईट न्हाई, भ्यालेला हाय. काय करायचं ते करा, पर लॅबच्या मालकाला तेवढं सांगू नगा."

मॅडम टॅबवर पानामागं पान सरकवत होत्या. मग विचारलं, "पन्नास अक्षरं पुरली असती. तुम्ही एवढं का लिहिलंत?"

अक्कानं जरा विचार केला. "सांजचं घरी गेल्यावर मला कोण इचारतंय, आज काय बोलणं झालं म्हणून? ह्या फोननं इचारलं. मग सांगत गेले."

जयराजनं नळ्यांचा स्टँड हळूच टेबलावर ठेवला.

"फौजेत दुसऱ्याच्या नावानं हजेरी लावणाऱ्याचं काय करतात, माहीत आहे?" मॅडमनी जयराजला विचारलं.

"न्हाई, मॅडम."

"मलाही नाही. वडिलांनी सांगितलं नाही कधी. बहुतेक त्यांचीही एकदा कुणीतरी लावली असावी." त्यांनी टॅबवर नवं पान उघडलं. "नाव, सुंदरी मगदूम. प्रकार... यात डॉक्टर, औषध दुकान आणि हॉस्पिटल एवढंच आहे. हॉस्पिटल टाकते. खाटा किती विचारतंय."

"एक हाय," म्हणाली अक्का. "लोखंडी."

"भेट रोज. जागा हीच, उमदीचं मागचं दार. जयराज, उद्यापासून शंभर पावलांच्या आत फोन आणि तू, दोघंही पाहिजेत. पुढच्या नोंदी तू लिहायच्या, आणि खऱ्या. महिन्यानं मी अक्कांना विचारीन. त्या नाही म्हणाल्या तर तिसरं पत्र मी स्वतः हातानं आणून देईन. लॅबशी माझा काही संबंध नाही."

"आन कानडी?" जयराजनं बारीक आवाजात विचारलं.

"ते मी शिकवतो," हिरेमठ म्हणाले. "पहिल्या दिवशी तुला मी जेवलास का म्हणून विचारलं होतं, बाळा."

मॅडम उठल्या. जाताना त्यांनी समोरची खुर्ची थोडी मागं ओढून अक्काकडं फिरवली. अक्का आधी काठावर टेकली, मग नीट बसली. खुर्ची खरंच फिरती होती. तिनं हळूच एक चक्कर मारून बघितली.

दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या मागच्या सीटवर जयराज होता. मांडीवर बर्फाची पेटी, खिशात फोन, इस्त्रीची पार वाट लागलेली. माडग्याळच्या पुढं रस्त्यात मेंढरं आडवी आली, म्हणून अक्कानं स्कूटर थांबवली. जयराजनं फोन काढला, लिहायचा रकाना उघडला, पुन्हा मिटला.

"अक्का," तो म्हणाला, "काल मी मॅडमबरं गेल्यावर तुमचं आन डॉक्टरांचं काय बोलणं झालं?"

अक्कानं आरशात त्याच्याकडं बघितलं.

"पन्नास अक्षरात सांगू व्हय?"

"सगळं सांगा. उमदी अजून लांब हाय."