नणंदेने दिलेली सेटिंग

नणंदेने आपणहून काही द्यावं आणि त्यात काळंबेरं नसावं, हे वहिनीला पटणं शक्यच नव्हतं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने पुन्हा प्रोग्रामिंगची नोकरी धरली होती, तीही अजून कच्ची. नणंद वयाने धाकटी, पण याच धंद्यात मुरलेली. तिने पहिल्याच दिवशी वहिनीच्या लॅपटॉपवर आपली सेटिंगची फाइल चढवून दिली. लांबलचक कमांडना छोटी टोपणनावं, नेहमी लागणारे कोडचे तुकडे, सगळं आयतं.

"डोळे मिटून वापर गं, वहिनी."

वहिनीने डोळे चांगले उघडे ठेवून वापरली. काम झपाट्याने होऊ लागलं, हे तिला नाकारता येईना, आणि त्याचाच तिला जास्त राग येई.

मग एकदा लॅपटॉपमधली जागा संपली. कोण एवढं खातंय म्हणून शोधताना तिला एक लपवलेलं फोल्डर सापडलं. तिने आजवर पुसलेली एकूण एक फाइल त्यात होती. फसलेले प्रयत्न, चुकीचा कोड, नोकरी सोडण्याचा रागात लिहिलेला अर्जसुद्धा. सेटिंगच्या फाइलच्या तळाशी त्याचं मूळ होतं, एकच ओळ. पुसायची कमांड दिली की फाइल पुसायची नाही, गुपचूप या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायची.

"तुझी बहीण माझ्या चुका साठवतेय," तिने नवऱ्याला सांगितलं.

"ती कशाला साठवेल? सरळ विचार की तिला."

"विचारलं की सारवासारव करणार."

नवरा बहिणीचीच री ओढणार, त्यात नवल ते काय. वहिनीने ती ओळ काढून टाकली आणि ते फोल्डरही रिकामं केलं. पलीकडच्या खोलीत नणंद फोनवर कुणाशी तरी हसत होती. ते हसणंही वहिनीला आपल्यावरचंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना काम दाखवायचं होतं आणि त्यावरच नोकरी पक्की होणार होती. आदल्या संध्याकाळी तिने जाता जाता फालतू फाइली पुसायची कमांड दिली. स्क्रीनवर दोन खिडक्या उघड्या होत्या. कमांड गेली ती कामाच्या फोल्डरवर. इतके दिवस काहीच बिघडलं नव्हतं, त्यामुळे हात सैल पडला होता. अर्धवट कोड ऑफिसच्या सर्व्हरवर चढवायची तिला लाज वाटे, म्हणून दुसरी प्रतही नव्हती.

तिला रडूच कोसळलं. शेवटी झक मारत ती नणंदेच्या दारात गेली.

"घाबरतेस काय? पुसलेलं कुठे जात नाही," म्हणत नणंद लॅपटॉपपाशी बसली. सेटिंगची फाइल उघडून तळापर्यंत गेली आणि थांबली. "इथली ओळ कुठाय?"

"मी काढली. मला वाटलं, तू माझ्यावर नजर ठेवतेयस."



"माझी पहिली नोकरी अशीच गेली," नणंद हळूच म्हणाली. "एका कमांडने सगळ्यांचं काम पुसलं मी. हाकललं मला. घरी सांगितलं, कंटाळा आला म्हणून सोडली. दादाला अजून माहीत नाही. त्यानंतर लिहिली ती ओळ."

तिने कोरी फाइल उघडली आणि बाजूची खुर्ची वहिनीकडे सरकवली.

"चल, आठवेल तसं सांग. मी टाइप करते."

वहिनीला सगळं आठवत होतं. तरी तिने आधी नणंदेला ती काढलेली ओळच परत लिहायला लावली.