गोगलगायीची नोंद

अगं थांब, मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. आणि हसलीस तर फोन ठेवीन.

आमच्या टीममध्ये एक काका आहेत, टेस्टिंगला. वय सत्तावन्न, खुर्चीवर घरून आणलेली उशी, आणि टाइप करतात दोन बोटांनी. करारावर आहेत, म्हणजे दर सहा महिन्यांनी आमच्या मॅनेजर मॅडम ठरवणार, ठेवायचं की नाही. मी नवीन लागले तेव्हा सगळे आपापले हेडफोन लावून बसलेले, आणि हे एकटे खुर्ची ओढत माझ्या शेजारी आले. 'विचार गं बिनधास्त, मीपण विचारत विचारतच शिकलोय.' आणि मी काय केलं? त्यांना गोगलगाय नाव पाडलं. अख्ख्या रांगेत चाललं ते. मला काय भारी वाटायचं!

आता काम काय ते सांगते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीसाठी अ‍ॅप आहे. एकेका कामगाराची नोंद: नाव, वय, शेरा, करार चालू आहे की नाही. आमच्या कोडमधली ही नोंद एक मधला थर घडी घालून क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि मागितली की घडी उलगडून परत देतो. मी टेस्ट लिहायची, जे ठेवलं तेच परत आलं का. इतके दिवस माझ्याच मशीनवर लुटुपुटूच्या डेटाबेसशी चालवत होते, सगळं हिरवं, म्हणजे पास. मंगळवारी पहिल्यांदा खऱ्या क्लाउडवर चालवली आणि लालभडक!

दोन तास डोकं फोडलं. शेवटी काकाच आले, 'दाखव बघू.' मी उघडून दाखवलं, आणि तेव्हा, तेव्हा कुठे मला आठवलं की टेस्टसाठी खोटी नोंद मीच भरली होती. शेजारच्या टेबलावरच्या पोराला हसवायला.

काकांची एक पद्धत आहे. स्क्रीनवर बोट ठेवायचं आणि एकेक रकाना मोठ्यानं वाचायचा, काय गेलं, काय आलं. मी म्हटलं, 'काका, राहू द्या ना, मी बघते.' पण बोट टेकलं होतं.

'नाव, गोगलगाय. आलं गोगलगाय. बरोबर. वय, सत्तावन्न. आलं सत्तावन्न. बरोबर.' मग चष्मा वर सरकवला. 'शेरा, दोन बोटांनी टाइप करतो, एक ओळ होईपर्यंत जेवणाची सुट्टी होते. आलं... तेच. बरोबर.'

आवाज तोच गं! जराही चढला नाही. शेजारचा टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला. माझे कान असे तापले की बस.

'करार चालू, नाही. आलं रिकामं.' बोट तिथेच. 'ही बघ तुझी गडबड. मधला थर "नाही" म्हणजे काहीच नाही असं समजतो, लिहीतच नाही. आणि अ‍ॅपला रिकामी जागा दिसली की ते "हो" धरतं. म्हणजे काम सोडून गेलेला माणूस यादीत तसाच राहणार. लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर त्यालाच निरोप जाईल, आणि अडकलेले बसतील वाट बघत.'

दहा मिनिटांत सेटिंग बदललं. टेस्ट हिरवी. मी कसंबसं तोंड उघडलं, 'काका, ते नाव...' तर म्हणाले, 'नोंद चांगली भरलीस. तिथे "हो" भरलं असतंस तर ही चूक सापडलीच नसती.' आणि उठून गेले जागेवर. रागावले असते तर परवडलं असतं गं.

पण खरी लाज पुढेच आहे. काल मीटिंग होती. मॅडमनी विचारलं, 'ही चूक कुणी पकडली?' टेस्ट माझ्या नावावर, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. काका समोरच. 'काकांनी' हे अगदी जिभेवर होतं माझ्या. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, 'तो लाल रन लाव बरं मोठ्या पडद्यावर. शुक्रवारी करारावरच्या लोकांचं ठरवायचंय, कोण काय करतं ते बघू दे मला.'

मोठ्या पडद्यावर! बारा माणसांसमोर! रन लावला की त्या टेस्टमधली माझी अख्खी नोंद दिसणार, शेऱ्यासकट.

'तो... पुसला मी,' म्हटलं.

'बरं, पण पकडली कुणी?'

'मीच.'

निघून गेलं गं तोंडातून! टाळ्या वाजल्या. काकांनीपण वाजवल्या. मग मॅडम त्यांच्याकडे वळल्या, 'आणि तुमचं काय या आठवड्यात?' काका म्हणाले, 'थोडीफार मदत केली इकडे तिकडे.' मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, फार नाही, एखादाच शब्द.

घरी आईला नुसतं म्हटलं शाबासकी मिळाली, तर तिनं लगेच मावशीला फोन लावला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

रन पुसलेला नाहीये. क्लाउडवर जसाच्या तसा आहे. मॅडमना खरं सांगितलं तर त्या तो मागणारच, आणि मी काकांबद्दल काय लिहिलंय ते सगळे वाचणार, काकांना परत एकदा ऐकावं लागणार. नाही सांगितलं तर उद्या त्यांचा करार गेलाच समज. मॅडमना सगळं खरं सांगणारी मेल लिहून तयार आहे, तासभर झाला नुसती बघत बसलेय. तू सांग ना, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?